ताताय उलटे चालतात

११ फेब्रुवारी

नोंग जोवेन,

आधी माफ कर, मोठा भाऊ आहेस. यात चुका खूप असतील. शाळा सोडल्यापासून मी फक्त पाटीवर ‘आज कालवं संपली’ एवढंच लिहिते. आणि टाईप पण फार हळू होतं, कारण डाव्या अंगठ्यानं करते. उजवा हात तातायच्या हनुवटीखाली आहे. तो काढला की त्यांचा जबडा आपोआप उघडतो आणि भरवलेली पेज बाहेर येते. तू हे वाचशील चहा पिता पिता, पण बापाला भरवता भरवता मला आख्खं सकाळचं जेवण लागलंय लिहायला.

तुझा नंबर एल्मानं दिला. कुणी दिला ते सांगू नकोस म्हणाली होती. सांगून टाकलं बघ. माझ्या पोटात काही राहत नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मला बोलायला नाहीच जमत, तुला माहितीये. कुणी घरी आलं की मी अजून मागच्या दारानं नदीवर पळते. पण लिहिताना समोर कुणी बघत नाही ना.

इथलं सांगते. तातायचा पिळा आता मानेपर्यंत आलाय. तू गेलास तेव्हा फक्त डावा पाय आत वळायचा आणि डोळे मिटायचे, आठवतंय का? आता मान एका बाजूला ओढली जाते, जीभ बाहेर येते. तोंडात चमच्याची दांडी धरली की जीभ थोडी ऐकते. म्हणून दिवसभर दांडी दातात. पोरं म्हणतात ताताय कायम जेवतच असतात. ताताय हसतात त्यावर. हसले की दांडी पडते, मी उचलते, धुते, परत देते. असा दिवस जातो.

एक गंमत सांगू? पुढे चालताना पाय अडकतात, पण उलटं नीट चालता येतं. खरंच. पाठ पुढे करून नदीच्या धक्क्यापर्यंत सरळ जातात, मी समोरून त्यांचे हात धरून. मॅम क्रिस्टेता म्हणाल्या लुबागमध्ये, म्हणजे या पिळ्याच्या आजारात, असं होतं काहींचं, मेंदूची एक वाट बिघडते, दुसरी चालू असते. मॅम क्रिस्टेता म्हणजे रोहास शहरातल्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. लुबागची घरं शोधत होडीतून फिरतात. नानाय मात्र म्हणते, “बाप उलटा चालतो, पोरगा उलटं बोलतो आणि पोरगी बोलतच नाही. काय घर मिळालंय मला.”

आता खरं कशासाठी लिहितेय ते. डॉक्टर म्हणाले गिळायचं बंद व्हायला लागलंय. पातळ पेज अजून जाते. ती जायची थांबली की मग नळी, आणि नळीनंतर काय ते त्यांनी सांगितलं नाही, नानायनं विचारलं नाही.

मी तुला ये म्हणत नाहीये. फक्त सांगतेय.

कपितानच्या घरी नवीन कराओके आणलंय. गावाचा मुख्य माणूस, म्हणून कुणी काही बोलत नाही. रोज दुपारी तेच एक गाणं, वरचा सूर आला की कुत्री पण उठून जातात.

फ्लोर


४ मार्च

नोंग,

तू वाचलंस हे दिसलं मला. खूण आली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवा आम्ही रोहासला गेलो. तातायचं रक्त घेतलं. ते लांब पाठवतात, तिथे बघतात की हा आजार तोच आहे का दुसरा काही. नानाय म्हणाली, “आता काय बघायचं राहिलंय? याच्या भावाला, नेस्तोरला हाच होता, याच्या मामांना हाच होता, आंधळ्याला पण दिसेल.” मॅम म्हणाल्या, दिसणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. नानायला त्यांचं काही पटत नाही पण त्यांनी आणलेली बिस्किटं पटतात.

मॅमनी सगळ्यांची विचारपूस केली. तातायच्या आईचे, आपल्या लोलाचे भाऊ किती, कुणाला झाला, कधी झाला. नानायला विचारलं तुमचं माहेर कुठलं, तुमच्या भावांचं काय. नानाय म्हणाली मी लेयतेची, माझे भाऊ सत्तरीत ताडासारखे सरळ आहेत आणि ताडी पिऊनच वाकडे होतात. मॅम हसल्या. तुझंही विचारलं. मुलगा कुठे असतो? नानायनं बिस्किटांचा पुडा उघडला. मग मीच म्हटलं, जनरल सांतोसला, माशांच्या डब्यांच्या कारखान्यात. माझा आवाज इतका बारीक आला की त्यांना दोनदा विचारावं लागलं.

मी बाही वर केली होती, माझंही घेतील म्हणून. सुईची मला किती भीती वाटते. पण मॅम म्हणाल्या, तुझं रक्त घ्यायची गरज नाही. मी लगेच बाही खाली केली. परतताना व्हॅनमध्ये ताताय माझ्या खांद्यावर झोपले. झोपेत त्यांचं अंग एकदम शांत असतं, माहितीये का तुला? काही हलत नाही. पूर्वीचे ताताय दिसतात. म्हणून मी त्यांना उगीच उठवत नाही, मला कितीही मुंग्या आल्या तरी.

एल्मा येते कधी कधी, कालवं घ्यायच्या निमित्तानं. तिच्या घरी म्हणे कालवं कुणी खात नाही. तिला अजून नीट सांगितलेलं नाहीस ना तू? ती म्हणते तू फक्त म्हणालास, माझ्यात अडकू नकोस, माझं पुढे काही नाही. तिच्या आईला तर आनंदच झाला. इथे सगळे म्हणतातच ना, त्या आडनावाच्या घरातली मुलगी खुशाल आणावी, मुलगा आणू नये. मुलगी लग्न झालं की दुसऱ्याच आडनावाची होते, मग तिला काय होणार. तू पण हेच धरून बसलायस. आडनावाबरोबर आजार येतो.

एल्ब्रिनची आई परवा मला केळी देऊन गेली. एल्ब्रिन म्हणजे होडी चालवतो तो, दात पुढे असलेला. नानाय म्हणाली केळी उगीच नसतात. मी नदीवर पळाले.

फ्लोर


२० एप्रिल

नोंग जोवेन, हे नीट वाच. कामावर असशील तर घरी जाऊन वाच.

रक्ताचं उत्तर आलं. मॅम स्वतः आल्या होत्या सांगायला. तोच आहे, लुबागच. ते आपल्याला माहीतच होतं. पण त्यांनी दुसरं सांगितलं, आणि ते मला नीट लिहिता आलं पाहिजे.

नानायनं विचारलं, पोराला पण होणार का? पहिल्यांदाच विचारलं तिनं. इतकी वर्षं हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मध्ये बसून असायचा आणि आपण त्याच्या बाजूनं जायचो.

मॅम म्हणाल्या, नाही.

नानाय म्हणाली, “नाही म्हणजे? आत्ता नाही का कधीच नाही?”

मॅमना कागदावर काढून दाखवायचं होतं, पण तातायला मान वळवता येत नाही, कागद दिसत नाही. मग त्यांनी दारातून तातायच्या चपला आणल्या. डावी एका बाजूनं झिजून फाटलीये ना, पाय वळतो म्हणून. उजवी धड आहे. त्या म्हणाल्या, पुरुषाकडे अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक एक्स आणि एक वाय. आजार ज्या जीनमध्ये आहे तो एक्सवर बसलेला असतो. ही फाटकी चप्पल म्हणजे तुमचा एक्स. धड ती वाय. बाप मुलाला कधीच एक्स देत नाही. वाय देतो. म्हणून मुलगा होतो ना तो. मुलाचा एक्स आईकडून येतो, आणि तुमच्या बायकोकडे हे काही नाही. लेयतेचे मामा सरळ आहेत.

आडनावाशी काही संबंध नाही, नोंग. तातायला लोलाकडून आला. नेस्तोरकाकाला पण. लोलाला स्वतःला काही नव्हतं, बायकांना बहुतेक होत नाही, दुसरा एक्स सांभाळून घेतो. नानाय म्हणाली, “बरं झालं म्हातारी आधीच गेली. नाहीतर तिनं स्वतःलाच खाल्लं असतं. झाड तोडल्याचा शाप म्हणत होती, तेच बरं होतं तिला.”

आता तातायचं. ते ऐकत होते. दांडी दातात होती. त्यांनी ती हातानं काढली, खूप वेळ लागला, आम्ही कुणी मदत केली नाही. म्हणाले, “परत.”

मॅमनी परत सांगितलं. बापाकडून मुलाला येत नाही.

“परत.”

परत सांगितलं. मग ताताय म्हणाले, “जोवेन.” तू गेल्यापासून तुझं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. आणि मग म्हणाले, “मी नाही दिलं.”

नीट नाही म्हणता आलं, जीभ मध्ये येते. पण मला त्यांचं सगळं कळतं आता. मी नाही दिलं, असंच म्हणाले.

मग ते रडले, आणि रडताना अंग जास्त पिळतं, म्हणून मला त्यांना धरून बसावं लागलं. मॅमनी चपला खाली ठेवल्या.

तुला काही होणार नाही. लिहून लिहून अंगठा दुखला पण हे परत लिहिते. तुला काही होणार नाही.

फ्लोर


२३ एप्रिल

सात वर्षांनी तुझं उत्तर आलं आणि त्यात दोन शब्द. ‘नक्की का.’

हो, नक्की. मॅम म्हणाल्या त्याला मनाची शांती हवी असेल तर रक्त देऊ दे, पण आम्ही बघितलेलं पुरेसं आहे. मी त्यांना तुझा नंबर दिलाय. त्या फोन करतील, उचल.

आज तातायनी पेजेत कुस्करलेलं रताळं पण खाल्लं. मी जास्त काही म्हणत नाही.


१७ मे

नोंग,

एल्मा आली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं कुणी गेलं. म्हणाली तू तिला फोन केलास, तासभर बोललास, सगळं सांगितलंस. तिनं तुला हो म्हटलेलं नाही आणि नाही पण म्हटलेलं नाही. म्हणाली, “एवढी वर्षं मला निर्णय घेऊ दिला नाही, आता मी पण जरा बसवते त्याला.” चांगलं बोलली. मग कालवं न घेताच गेली, म्हणजे खरंच त्यांच्याकडे कुणी खात नाही.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण मी दमलेय, म्हणून आता जे लिहीन ते कडू लागलं तर लागू दे.

तू एल्माला फोन केलास. मॅमचा उचललास. मला लिहिलंस की तुझी एवढी वर्षं फुकट गेली, रोज सकाळी आरशासमोर डोळे मिटतायत का बघायचास, पाय वळतोय का बघायचास, लाईनवर डबा हातातून निसटला की वाटायचं झालं सुरू. ते वाचून मला वाईट वाटलं. मी लहान होते तेव्हा, मला हे कळलंच नव्हतं, मला वाटायचं तू रागानं गेलास. तू भीतीनं गेला होतास.

पण तातायला फोन नाही केलास.

तू लिहिलंस कुठल्या तोंडानं करू. तोंड कसलं, जे आहे ते घेऊन ये. त्यांचं बघ, त्यांना स्वतःचं तोंड दोन हातांनी धरून ठेवावं लागतं.

मी नेस्तोरकाकाच्या अंत्यविधीला होते, नोंग. लोक पत्ते खेळत होते, नानाय कॉफी वाटत होती, मी टेबलाखाली शेंगा सोलत बसले होते. तू तातायच्या समोर उभा राहिलास आणि म्हणालास, “हे तुम्ही मला दिलंत.” पत्ते थांबले. ताताय काहीच बोलले नाहीत. तेव्हा त्यांना बोलता येत होतं. तरी नाही बोलले. मग तू निघालास आणि त्यांचा हात कपाळाला लावून बीसा, आशीर्वाद पण घेतला नाहीस. त्यांनी हात पुढे केला होता. मी टेबलाखालून बघत होते, हात तसाच राहिला, कपाळ आलंच नाही. मग त्यांनी त्या हातानं डोळे चोळले, जसं काही त्याच्यासाठीच वर केला होता.

ते बोलले नाहीत कारण त्यांना ते खरं वाटत होतं. इतकी वर्षं खरं वाटत होतं. आता माहितीये की खरं नाही, पण सांगायला तूच नाहीस. मॅमनी सांगितलेलं आणि तू सांगितलेलं, यात फरक आहे.

परवा ते पेजेवर गुदमरले. ओठ निळे झाले. नानायनं पाठीवर मारलं तेव्हा निघालं. नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली, स्वच्छ असलेली पण घासली. डॉक्टर म्हणाले आता दोन-तीन महिन्यांत नळीचं ठरवू. नळी बसली की बोलणं अजून अवघड.

मी आता ये म्हणतेय. आधी म्हणत नव्हते, आता म्हणतेय.

तू मला काही विचारलं नाहीस, ते बरंच आहे.

फ्लोर


१० जून

विचारलंस शेवटी.

तू लिहिलंस मॅमशी बोलताना एकदम डोक्यात आलं, बाप मुलाला एक्स देत नाही तर मग कुणाला देतो. आणि लिहिलंस, ‘इंदाय, तुझं काय.’ खूप वर्षांनी कुणी मला लाडानं इंदाय म्हटलं. नानाय ‘ए’ म्हणते.

सांगते.

मॅमनी चपला खाली ठेवल्या असं मी लिहिलं होतं. कुठे ठेवल्या ते लिहिलं नव्हतं. धड चप्पल त्यांनी रिकाम्या खुर्चीसमोर ठेवली, तुझ्यासाठी. आणि फाटकी हातातच राहिली त्यांच्या. त्यांचं ते ठरलेलं असणार, प्रत्येक घरी सांगत असतील. पण मी समोरच उभी होते, हातात पेजेचा वाडगा, आणि त्यांना ती ठेवता येईना. मग ठेवली. माझ्या पायाशी. अगदी हळू.

बापाकडे एकच एक्स असतो. तो सगळ्या मुलींना जातोच. अर्धा-अर्धा नाही, कदाचित नाही, जातोच. म्हणून माझं रक्त घ्यायची गरज नव्हती. आणि मी वेडी बाही खाली करून खूश झाले होते.

मला त्या वेळी पटकन कळलंच नाही. तातायला आधी कळलं. तुझं नाव घेऊन रडत होते ना, ते मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मान वळत नाही त्यांची, म्हणून डोळेच कोपऱ्यात नेऊन बघत होते. मग मी त्या चपलेकडे बघितलं. ‘मी नाही दिलं’ म्हणाले होते, ते परत नाही म्हणाले.

मला स्वतःला बहुतेक काही होणार नाही. पण मला मुलगा झाला तर छापा-काटा. आणि झालाच तर तो चाळिशीला येईपर्यंत मी रोज त्याच्या पायाकडे बघत बसणार. जसं तू आरशात बघायचास.

आता नदीवरच्या लोकांना कोण सांगणार? मुलगी खुशाल आणा म्हणतात. एल्ब्रिनची आई केळी देत राहिली. तिसऱ्या फणीला मलाच राहवलं नाही. मी धक्क्यावर गेले, एल्ब्रिन इंजिन पुसत होता, आणि सगळं एका दमात सांगितलं. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोलले नसेन. बघत पण नव्हते त्याच्याकडे, इंजिनाकडे बघून बोलत होते. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “मला नीट कळलं नाही. पण मॅमना मीच होडीतून नेतो, उद्या विचारतो.” गेला पण विचारायला. काय विचारलं, काय कळलं, मला सांगितलं नाही. केळी यायची थांबलीयेत. तो मात्र अजून तातायसाठी कोवळं शहाळं आणून दारात ठेवतो आणि हाक न मारता जातो. म्हणजे काय ते मी ठरवत नाही. ठरवायला ताकद लागते.

मी मॅमना एक विचारलं, एकट्या असताना. त्या म्हणाल्या होत्या तो जीन, टॅफ-वन नाव आहे त्याचं, नुसता म्हातारपणी त्रास देणारा नाही. बाळ पोटात असतं तेव्हापासून तो कामाला असतो, मेंदू घडवताना बाकीच्या जीनना उठवतो, चला, कामाला लागा. आपल्यात त्याच्यामध्ये एक उपरा तुकडा येऊन बसलाय, पिढ्यान्‌पिढ्या. तरुणपणी गप्प बसतो. दुसऱ्या देशांत काही मुलांमध्ये त्याच जीनचा वेगळाच बिघाड असतो, ती जन्मापासून हळू शिकतात, उशिरा बोलतात. ते ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं, म्हणूनच का मी अशी? बाई फळ्याजवळ बोलवायच्या आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. गणित पण येत नव्हतं. मी विचारलं, मी मठ्ठ आहे ते यामुळे का?

मॅमनी विचारलं, शाळा कधी सोडलीस. मी म्हटलं तातायचा तोल जायला लागला तेव्हा. त्याच्या आधी? आधी सकाळी कालवांच्या दोऱ्या काढून मग जायचे.

त्या म्हणाल्या, “मठ्ठ कुठली. दमलेली आहेस.”

तुला सांगू, आजाराचं ऐकून मी रडले नाही. ह्याच्यावर रडले. नदीवर जाऊन.

आता तू वाईट वाटून घेऊन परत गप्प बसू नकोस. तुझं सुटलं म्हणून माझं आलं असं नाहीये. ते आधीपासून तसंच होतं, आपण फक्त उलट्या बाजूनं बघत होतो. तू सगळं सोडून गेलास आणि तुझ्यात काही नव्हतं. मी राहिले, आणि माझ्यात होतं. पण माहीत असतं तरी मी कुठे जाणार होते? हनुवटीखाली हात कुणी धरला असता?

नानायशी मी अजून मोकळेपणानं बोललेली नाही. तिला कळलंय. आजकाल ती मला नाश्त्याला अंडं देते आणि स्वतः घेत नाही, आणि विचारलं की म्हणते, कोंबडीला विचार.

फ्लोर


६ जुलै

नोंग,

तिकीट काढलंस. मी तातायला सांगितलं. त्यांनी दांडी काढली, म्हटलं आता काही तरी मोठं बोलणार. म्हणाले, “जाडा झाला असेल.” डब्यांच्या कारखान्यात आहे, खात असेल, असं त्यांना वाटतं. तू डबे आणू नकोस हां. नानाय म्हणाली नदीत मासे आहेत, पत्र्यातले नकोत.

रोहासला उतरलास की व्हॅनवाल्याला पुलापाशी सोड म्हण. तिथून एल्ब्रिन होडीनं आणेल. त्यानं स्वतःच सांगितलंय येतो म्हणून. त्याला काही विचारू नकोस माझ्याबद्दल. मोठा भाऊ आहे म्हणून मोठेपणा करू नकोस. तो बोलला तर ऐक, नाही बोलला तर नदी बघ.

आता महत्त्वाचं. ताताय धक्क्यावर येणारच म्हणतायत. मी खूप सांगितलं, घरीच थांबा, खुर्चीत बसा. ऐकत नाहीत. रोज सराव चाललाय. म्हणजे उलटे चालत येणार. मी समोरून हात धरून, आणि त्यांची पाठ नदीकडे. त्यामुळे होडीतून तुला आधी फक्त पाठ दिसेल. हाक मारू नकोस. हाक मारलीस की ते वळायला जातील आणि पडतील. तू उतर, बाजूनं ये, आणि माझ्या शेजारी उभा राहा, म्हणजे त्यांना मान न वळवता दिसशील. ती फळी कुजलेली आहे, डावीकडची, तिच्यावर पाय देऊ नकोस.

खूप बारीक झालेत. तोंडावर दाखवू नकोस. हसले आणि जीभ आली तर दुसरीकडे बघू नकोस, सगळे बघतात, त्यांना कळतं.

आणि माफीचं वगैरे लांबलचक बोलू नकोस. तू लांब बोललास की त्यांना उत्तर द्यावंसं वाटेल आणि त्यात त्यांची सगळी ताकद जाईल. एकच वाक्य ठेव. कुठलं ते तुला माहितीये.

मग बीसा घे. त्याचाही सराव केलाय आम्ही, माझ्या कपाळावर. त्यांचा हात वर येतो पण मध्येच उडतो. पहिल्या दिवशी माझ्या नाकावर बसला, रक्त आलं थोडं, ते घाबरले, मी हसले. मग आम्ही युक्ती काढली. हात त्यांनी आणायचा नाही, कपाळानंच तिथे जायचं. तू दोन्ही हातांनी तो धर, घट्ट, झोपलेल्या माणसाचा धरतात तसा, आणि कपाळ तिथवर ने. उडाला तरी सोडू नकोस. थोडा वेळ उडतो, मग थांबतो.

बाकी मी काही मागत नाही. आठवडाभर राहिलास तर मला एक दिवस पूर्ण झोपायचंय. तेवढं बघ. पेज भरवायला मी शिकवीन, अवघड नाही. उजवा हात हनुवटीखाली, आणि घाई करायची नाही.

ताताय आत्ता समोर बसलेत. दांडी दातात. मी काय लिहितेय ते बघतायत डोळे कोपऱ्यात नेऊन. विचारतायत, लिहिलंस का त्याला फळीचं? लिहिलं म्हटलं.

अरे हो, दुपारी कपितानच्या घरावर वीज पडली. कुणाला काही झालं नाही, कोंबड्या पण ठीक आहेत, फक्त कराओके जळलं.

फ्लोर